जपानमार्गे इंदोरा

माणूस आपल्याच तोंडाने अडकतो तो असा. गेल्या माघात पुण्याहून माझ्या भाचीचा टेलिफोन आला. ही मुलगी तीन वर्षे जपानी भाषा शिकते आहे, आणि यंदाच्या चैत्रात जपानला जायचे तिच्या मनातून फार होते. त्या दिवसांत तिकडे साकुराची झाडे फुलतात, लोक कामधंदा सोडून झाडाखाली सतरंज्या टाकून बसतात, क्योतोच्या देवळांची आवारे पाकळ्यांनी भरून जातात, हे सारे वर्णन तिने मला पूर्वी पुष्कळदा ऐकवले होते. पण विमानाचे भाडे आणि वडिलांचा खिसा यांचा मेळ बसला नाही. पोर हिरमुसली होती. तिची समजूत घालावी म्हणून मी बोलून गेलो, ‘अगं, त्यात काय एवढे? फाल्गुनात नागपूरला ये. फुलांच्या दिवसांत जपानी देवळेच पाहायची ना? मी दाखवतो.’

बोलणे अर्धे थट्टेचे होते. पण आठ दिवसांत तिकिटे निघाली, आणि एकटीची नव्हे. भाची, तिची आई म्हणजे माझी ताई, भाऊजी, आणि ‘मीही येते, एकदा माहेरचे गाव पाहून घेते’ म्हणणारी आमची आत्या. आत्याचे वय अठ्ठ्याहत्तर. जन्म महालातल्या आमच्या जुन्या वाड्यातला. लग्न होऊन पुण्याला गेली त्याला साठ वर्षे होत आली.

महाराष्ट्र एक्सप्रेसमधून उतरताक्षणी भाऊजींनी पहिला बाण सोडला. ‘काय हो, नागपुरात जपानी देवळे म्हणे! अहो, देवळे सगळीकडे सारखीच. कुठेही जा, पळसाला पाने तीनच.’

मी म्हटले, ‘भाऊजी, आधी पळस पाहा. या दिवसांत त्याला तेवढीही नसतात.’

वाचकांपैकी जे विदर्भाबाहेरचे असतील त्यांना हे सांगायला हवे, की पळस पाहायचा तर इकडेच, आणि होळीच्या आगेमागेच. एरवी हे झाड कोणाच्या नजरेत भरत नाही. पत्रावळी लावायला पाने तेवढी उपयोगाची. पण फाल्गुन लागला की सगळी पाने गाळून ते उघडे होते आणि मग काळ्या, वेड्यावाकड्या फांद्यांवर केशरी ज्वाळा उठतात. संस्कृतात त्याला किंशुक म्हटले आहे. हा पोपट तर नव्हे, असा प्रश्नच त्या नावात आहे, आणि फुलाची बाकदार चोच पाहिली की प्रश्न रास्त वाटतो. दुसऱ्या दिवशी सकाळी भाड्याच्या मोटारीने आम्ही वर्ध्याच्या रस्त्याला लागलो आणि बुटीबोरी मागे पडल्यावर दोहो बाजूंची शिवारे पेटलेली दिसू लागली, तेव्हा भाऊजी बोलायचे थांबले. भाची म्हणाली, ‘मामा, साकुरा असा आरडाओरडा करत नाही. पण पाने येण्याआधी फुलते, हे मात्र दोघांचे सारखे.’

वर्ध्याला गीताई मंदिर आहे. त्याला ना छप्पर ना मूर्ती. विनोबांची ‘गीताई’ कोरलेल्या शिळा उघड्या आभाळाखाली उभ्या आहेत. १९८० साली ते खुले झाले. तिथून जवळच विश्वशांती स्तूप आहे. शुभ्र घुमट, चार दिशांना बुद्धाच्या चार सोनेरी मूर्ती, आणि शेजारी जपानी पद्धतीचे एक लहान प्रार्थनामंदिर. भाचीने पाटीवरची अक्षरे वाचून दाखवली, ताईने छायाचित्रे काढली. माझे वचन पुरे झाल्यासारखे मला वाटले. पण खरी गोष्ट पुढे होती, आणि ती मी योजलेली नव्हती.

संध्याकाळी आम्ही सेवाग्रामला गेलो. गांधीजी या खेड्यात राहायला आले १९३६ साली. त्याच वर्षी त्यांनी लावलेला पिंपळ अजून तिथे आहे. त्याच्या आसपासच्या मोकळ्या अंगणात सायंप्रार्थना होते. आम्ही सतरंजीवर टेकलो. आश्रमातली माणसे, गावातल्या दोन-चार म्हाताऱ्या, आमच्यासारखे चार पाहुणे. क्षणभर शांतता झाली आणि प्रार्थनेचे पहिले शब्द निघाले: ‘नम्यो हो रेंगे क्यो.’

भाचीने माझा हात घट्ट धरला. ‘मामा, हे जपानी आहे!’

हो, जपानी. पण केवळ जपानी म्हणून भागत नाही. या चार-पाच शब्दांचा प्रवास मोठा आहे. सद्धर्मपुंडरीक नावाचे एक संस्कृत सूत्र आहे. पुंडरीक म्हणजे पांढरे कमळ. कुमारजीव नावाच्या पंडिताने त्याचे चिनी भाषांतर इसवी सन ४०६ मध्ये केले. त्याचा बाप हिंदुस्थानातून गेलेला आणि आई मध्य आशियातल्या कुचाची राजकन्या, म्हणजे भाषांतरकार म्हणूनच जन्मलेला माणूस. ते चिनी नाव जपान्यांनी आपल्या उच्चारात घेतले. म्योहो म्हणजे सद्धर्म, रेंगे म्हणजे कमळाचे फूल, क्यो म्हणजे सूत्र. आणि आरंभीचे ‘नमु’ तर आपले ‘नमः’च. सद्धर्मरूपी कमळाच्या सूत्राला नमस्कार, एवढाच अर्थ. तेराव्या शतकात निचिरेन (१२२२–१२८२) या भिक्षूने हे नामस्मरण हाच धर्माचा गाभा मानला. त्याने आणखी एक गोष्ट लिहून ठेवली. हिंदुस्थान हा चंद्राचा देश. नवा चंद्र पश्चिमेला दिसतो आणि रोज पूर्वेकडे सरकतो. तसा बुद्धाचा धर्म पूर्वेकडे आला. जपान हा सूर्याचा देश. सूर्य पूर्वेला उगवतो आणि पश्चिमेकडे जातो. तसा हा धर्म एके दिवशी परत हिंदुस्थानात जाईल.

सहाशे-साडेसहाशे वर्षांनी एका जपानी भिक्षूने हे बोलणे अक्षरशः खरे मानले. निचिदात्सु फुजी हे त्यांचे नाव. जन्म १८८५ चा. १९३१ साली ते कलकत्त्याला उतरले. हातात पंख्याच्या आकाराचे, मूठ असलेले चामड्याचे एक लहान वाद्य आणि तोंडी हा मंत्र, एवढेच भांडवल. १९३३ च्या ऑक्टोबरात ते वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटले. पुढे त्यांच्या संघाचे भिक्षू आश्रमात राहू लागले. त्यांतला एक सेवाग्रामी इतका मिसळून गेला की तो परका आहे हेही लोक विसरले. सांगितलेले काम मन लावून करायचे, सदा हसतमुख असायचे, आणि दोन्ही वेळा आपले वाद्य वाजवत मंत्र म्हणायचा.

१९४१ चा डिसेंबर उजाडला. जपान आणि इंग्लंड यांचे युद्ध पेटले आणि हा भिक्षू एका दिवसात शत्रूराष्ट्राचा नागरिक ठरला. सरकारने त्याला आश्रमातून उचलून नेले. वाद्य मागे राहिले.

यापुढचा भाग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. आश्रमाने ते वाद्य माळ्यावर टाकले नाही. गेलेल्या माणसाची आठवण म्हणून रोजची प्रार्थना त्याच्या मंत्राने आणि त्याच्या वाद्याच्या ठेक्याने सुरू होऊ लागली. हे दिवस कोणते होते ते ध्यानात घ्यावे. १९४२ च्या एप्रिलात जपानी विमानांनी विशाखापट्टण आणि काकिनाडा यांवर बाँब टाकले होते. ब्रह्मदेश गेला होता. अशा वेळी शत्रूच्या भाषेतले शब्द प्रार्थनेच्या अग्रभागी! त्याच वर्षी जुलैत गांधीजींनी जपानी जनतेला उद्देशून एक पत्र ‘हरिजन’मध्ये छापले. चीनवर केलेल्या आक्रमणाबद्दल त्यात जपानला खडे बोल आहेत. हिंदुस्थानात तुमचे स्वागत होईल या भ्रमात राहू नका, असेही बजावले आहे. आणि त्याच पत्रात या भिक्षूची, त्याच्या हसऱ्या चेहऱ्याची आणि मागे राहिलेल्या वाद्याची आठवण आहे. राष्ट्राला फटकारायचे आणि माणसाला जपायचे, ही दोन्ही कामे एकाच कागदावर. पुढच्या तीन आठवड्यांत गांधीजी स्वतःच तुरुंगात गेले. फुजी गुरुजी मात्र शंभरीला टेकून १९८५ साली निवर्तले. हिरोशिमानंतर शांतिस्तूप उभारणे हेच त्यांनी आपले काम मानले होते.

प्रार्थना संपल्यावर शेजारच्या म्हातारीला भाचीने विचारले, ‘आजी, पहिले जे म्हटले त्याचा अर्थ काय हो?’ म्हातारी म्हणाली, ‘बापूच्या वेळचं आहे ते. देवाचंच नाव असंन.’ भाचीने तिला दुरुस्त केले नाही, याचे मला बरे वाटले.

रात्री जेवणे झाल्यावर (ताईसाठी सांबारवड्या केल्या होत्या, पुण्याच्या माणसाला ही कोथिंबिरीची आहे हे दर वेळी नव्याने सांगावे लागते) दुसऱ्या दिवसाचा बेत ठरत होता. मी म्हटले, ‘उद्या आधी इंदोऱ्याचा बुद्धविहार, मग कामठीचे ड्रॅगन पॅलेस, मग मनसर.’ आत्या सुपारी कातरत होती. ती खाली पाहूनच म्हणाली, ‘इंदोऱ्याचे म्हणजे त्यांचे ना रे?’

‘त्यांचे’ या शब्दाला आमच्या घरात फार जुना अर्थ आहे. तो कोणी शिकवत नाही. ताटात मीठ वाढावे तसा तो आपोआप येतो. मी आत्याला काही म्हणायला तोंड उघडले आणि मिटले. कारण बोलायचा अधिकार मला होता कुठे? मी नागपुरात जन्मलो, चाळीसहून अधिक वर्षे इथेच काढली, दोन कादंबऱ्या या शहरावर लिहिल्या. महालापासून इंदोरा फार तर पाच-सहा किलोमीटर. आणि विहारात मी एकदाही गेलो नव्हतो. दर दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो माणसे देशभरातून येतात. आमच्या घरी त्या दिवसाची शिकवण एवढीच, की आज रस्त्यांवर गर्दी असते, बाहेर पडू नका. आताही मी निघालो होतो तो ‘जपानी देऊळ’ पाहायला. देऊळ जपानी नसते, तर पाहुण्यांना तिकडे नेण्याचे मला सुचले असते काय?

वाटाड्या म्हणून मी माझ्या शाळेतल्या एका सहकाऱ्यांना विनंती केली होती. गणित शिकवतात, राहतात इंदोऱ्यालाच. बावीस वर्षे शिक्षकांच्या खोलीत आमची टेबले लागून आहेत. सकाळी विहाराच्या दाराशी ते उभे होते. मी मोटारीतून उतरलो तसे हसून म्हणाले, ‘या सर. जपानवरून आलात, लांबचा रस्ता पडला.’

बोलण्यात विखार नव्हता. असता तर सोपे गेले असते.

या विहाराशी आणि एकूण नागपूरशी ज्या जपानी माणसाचे नाव कायमचे जोडले गेले ते भदंत सुरई ससाई. १९३५ साली जपानच्या ओकायामा प्रांतात जन्मले, थायलंडमार्गे हिंदुस्थानात आले आणि राजगीरला फुजी गुरुजींच्या शांतिस्तूपाचे काम चालू होते तिथे पोचले. तो स्तूप १९६९ साली पुरा झाला. पण त्याआधीच एका रात्री ससाईंना साक्षात्कार झाला. ते स्वतः सांगत आले आहेत ते असे, की डोंगरावर एक वृद्ध पुरुष दिसला, आपण नागार्जुन आहोत असे म्हणाला आणि त्याने आज्ञा केली: दक्षिणेला नागांच्या नगरीत जा. नकाशात त्यांना नागपूर सापडले. साठच्या दशकाच्या अखेरीस हा तरुण भिक्षू नागपूरच्या गल्ल्यांतून तेच पंख्याचे वाद्य वाजवीत, तोच मंत्र म्हणत हिंडू लागला.

इथे भाचीने आम्हां सर्वांना एक धडा दिला. बौद्ध ग्रंथ चिनी भाषेत गेले तेव्हा ‘नाग’ या शब्दाला प्रतिशब्द म्हणून ड्रॅगनचे चिन्ह वापरले गेले. तेच चिन्ह जपानीत ‘र्यू’. म्हणून नागार्जुनाचे जपानी नाव र्यूजू, आणि नागांचे नगर म्हणजे र्यूगू, ड्रॅगनचा राजवाडा. जपानातले आठही प्राचीन पंथ नागार्जुनाला आपला आद्य पुरुष मानतात, आणि त्याच्या चिनी चरित्रात कथा आहे की समुद्राखालच्या नागांच्या राजवाड्यात जाऊन त्याने लपलेली सूत्रे वर आणली. ‘तर मामा,’ ती म्हणाली, ‘नागपूर हे नाव जपानी माणसाला नुसते गावाचे नाव वाटणारच नाही. त्याला ते परीकथेतले शहर वाटेल.’

गणिताचे सर म्हणाले, ‘बेटा, नागाचा हिशेब आमच्याकडे दुसऱ्या बाजूनेही मांडलेला आहे.’ आणि त्यांनी आठवण करून दिली. १४ ऑक्टोबर १९५६ ला, अशोक विजयादशमीला, डॉ. आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात त्यांनी नागपूरच का निवडले याचे कारण सांगितले: हा नाग लोकांचा मुलूख, बौद्ध धर्माचा प्रसार करणारे ते नाग लोक, आणि या शहरातून वाहते ती नाग नदी. म्हणजे दहा-बारा वर्षांच्या अंतराने दोन माणसे नाग या एका शब्दाचा माग काढत याच गावात आली. एकाने त्यात आपल्या पूर्वजांचा इतिहास वाचला, दुसऱ्याला स्वप्नातली आज्ञा ऐकू आली. आम्हा महालकरांना मात्र नाग नदी म्हणजे नाक दाबून ओलांडायचा नाला!

ससाईंनी पुढे नागपूर हेच आपले गाव मानले. १९८८ च्या सुमारास त्यांना भारताचे नागरिकत्व मिळाले. आर्य नागार्जुन हे नाव त्यांच्या नावाआधी लागले. महाबोधी विहाराचे व्यवस्थापन बौद्धांकडे असावे म्हणून १९९२ पासून जे आंदोलन झाले त्याच्या आघाडीवर ते होते. सरांनी त्यांच्याविषयी आदराने सांगितले, पण एक वाक्य जोडलेही: ‘सर, परदेशातला माणूस आला की बाहेरच्यांचे लक्ष जाते. विहार मात्र आमच्या लोकांनी आठ-आठ आणे जमवून चालवले.’ हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण आदल्या दिवसापासून मी जे ‘जपानी, जपानी’ चालवले होते त्याला हे उत्तर होते.

आत वंदना चालू होती. फुले वाहताना एक पाली गाथा म्हणतात. तिचा भाव असा, की हे फूल जसे कोमेजणार तशीच माझीही काया नाश पावणार. भाचीने कुजबुजून सांगितले की साकुराचे सारे वेड याच विचारावर उभे आहे. फुलण्यापेक्षा गळण्याचेच कौतुक अधिक. जपानात ८ एप्रिलला बुद्धजन्माचा उत्सव करतात त्याचे लोकांतले नावच फुलांचा उत्सव. फुलांनी मढवलेल्या छोट्या मखरात बाळबुद्धाची मूर्ती ठेवतात आणि तिच्यावर पळीने गोड चहा ओततात. ‘चहा?’ आत्याने एकदम विचारले. सकाळपासून तिचे हे पहिलेच वाक्य. ‘आपल्या रामजन्माच्या पाळण्यासारखेच म्हणायचे.’

इंदोऱ्यावरून रस्ता सरळ कामठीला जातो. तिथले ड्रॅगन पॅलेस हे बुद्धमंदिर १९९९ साली उभे राहिले. जपानच्या नोरिको ओगावा यांनी त्यासाठी मोठी देणगी दिली. पांढरी, भव्य, नेटकी इमारत, भोवती राखलेली बाग, आत चंदनाची बुद्धमूर्ती. परंतु देखण्या इमारतीविषयी लिहायला फारसे काही नसते. लिहायचे ते तिथल्या शांततेविषयी. आपल्या देवळात घंटा, गर्दी, नारळ, बडव्यांची घाई. इथे बसायचे आणि गप्प राहायचे, एवढाच विधी. भाऊजींसारखा माणूस वीस मिनिटे गप्प बसलेला ताईने लग्नानंतर प्रथमच पाहिला, असे ती म्हणाली. आत्या भिंतीशी टेकून बसली होती. वाटेत ड्रायव्हरने तिला पळसाची चार फुले तोडून दिली होती. ती तिने पदरात तशीच ठेवली होती. ‘इथे चालतात का हो ही?’ तिने सरांना विचारले. सर म्हणाले, ‘चालतात आजी.’ तिने ती मूर्तीच्या पायाशी न नेता दाराजवळच्या कठड्यावर ठेवली. का, ते मी विचारले नाही.

मनसरविषयी थोडक्यात सांगतो. जबलपूरच्या रस्त्यावर, रामटेकच्या अलीकडे हे गाव आहे. इथल्या टेकड्यांवर ससाईंच्या प्रेरणेने निघालेल्या नागार्जुन स्मारक संस्थेने १९९८ पासून काही वर्षे उत्खनन करवले. जगत्पती जोशी आणि अरुणकुमार शर्मा हे नामवंत पुरातत्त्वज्ञ त्यावर होते. मोठमोठी विटांची बांधकामे निघाली. खोदणाऱ्यांना त्यात बौद्ध अवशेष दिसले. हान्स बाकर या डच पंडिताचे आणि आणखी काहींचे मत निराळे: हे वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचे प्रवरेश्वर नावाचे शिवमंदिर आणि त्याची राजधानी. आमचे मिराशी प्रवरपूर पवनारला ठेवत होते, तेही यात मागे पडले. मनसरलाच १९७२ साली सापडलेली अप्रतिम शिवमूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, त्यामुळे शैव पक्ष दुबळा नाही असे माझे मत. सरांचे मत वेगळे पडले. एकाच टेकडीवर काळाच्या थरांत दोघेही नांदून गेले असतील, असे ताईने सुचवले; ती वाद मिटवणारी आहे. टेकडीवरून खाली पाहिले तर चहूकडे पळस. त्या रंगाला पक्ष नव्हता, इतकेच.

परतताना इंदोऱ्याच्या चौकात सर म्हणाले, ‘घरी चहा घेतल्याशिवाय सोडणार नाही.’ ड्रायव्हरने मला विचारले, ‘कोणत्या गल्लीत घेऊ जी?’ बावीस वर्षे शेजारी बसणाऱ्या माणसाचे घर मला ठाऊक नव्हते. सरांनीच रस्ता सांगितला.

घर लहान, स्वच्छ. सरांची आई आत्याच्याच वयाची. दोघी म्हाताऱ्या पलंगावर शेजारी बसल्या. बोलता बोलता आत्याने आपले माहेर महालातले म्हणून सांगितले आणि मग, कोणी विचारले नसताना, ती जुन्या दसऱ्याची गोष्ट सांगू लागली. नऊ वर्षांची होते. सोने वाटायला बाहेर जायचे होते, पण वडिलांनी दार लावून घेतले. मी माडीवरच्या खिडकीतून पाहत होते. पांढरी लुगडी, पांढरे सदरे. रात्रभर माणसे चालली होती. संपतच नव्हती.

‘कोणत्या साली जी?’ सरांच्या आईने विचारले.

‘छप्पन.’

‘मी होतो त्याच्यात,’ म्हातारी म्हणाली. ‘उमरेडच्या बाजूनं आलो होतो. बापाच्या खांद्यावर थोडी, पायी थोडी. महालातूनच गेलो आम्ही.’

‘मग आमच्या वाड्यावरूनच गेलात.’

‘असंन. तहान लय लागली होती. पण त्या गल्लीत दारं समदी बंद होती.’

सरांच्या पत्नीने चहा आणला होता. आत्याने कप घेतला, बशीत ओतला, फुंकर घालून प्याली. सगळा संपवला. मग कप पुढे केला आणि म्हणाली, ‘अर्धा अजून द्या.’